आधी भूक तर लागू दे

'ताई, तो जेवतच नाही गं,' असं तू म्हणतेस तेव्हा मला तुला एकच विचारायचं असतं. फोनवर तू ते विचारू देत नाहीस, म्हणून आज लिहूनच काढते. तुझ्या पोराला भूक लागते का? जेवतो का, असं नाही विचारलं मी. भूक लागते का?

चिडू नकोस. त्याचा दिवस एकदा मांडून बघ. व्हॅनवाले काका पावणेसातला पाथर्डी फाट्यावर हॉर्न वाजवतात म्हणून त्याला सहाला उठवायचं. डोळे धड उघडायच्या आत चॉकलेट पावडरचं दूध आणि दोन बिस्किटं पोटात. शाळेत छोट्या सुट्टीचा कोरडा खाऊ, मोठ्या सुट्टीचा पोळीचा रोल, त्यातला निम्मा घरी परत. दुपारी व्हॅनमधून उतरला की सोसायटीच्या गेटजवळच्या दुकानातून पाच रुपयांचा पुडा. दीडला सासूबाई वरणभात घेऊन बसतात आणि तो तोंड फिरवतो. मग 'लेकरानं काही खाल्लं नाही' म्हणून तीनला केळ्याचा शेक. पाचला अबॅकसच्या क्लासला जाताना हातात चिप्स, येताना रडू नये म्हणून ज्यूसचा खोका. रात्री साडेआठला तू ऑफिसमधून येऊन, पर्स टाकून पोळी-भाजी वाढतेस, समोर मोबाइल लावतेस आणि तिसऱ्या घासाला त्याचं पोट दुखायला लागतं. सांग बरं, भूक यात कुठल्या फटीतून शिरणार?

तो दिवसभर उपाशीही नसतो आणि कधी नीट भुकेलाही नसतो. तुझ्याच घरात असं घडतंय असंही नाही. नाशकात इंदिरानगर, गंगापूर रोड, सिडको, कुठल्याही बिल्डिंगमध्ये जा, हाच दिवस थोड्या फरकाने सापडेल. म्हणून आधीच सांगते, तुझा स्वयंपाक वाईट नाही आणि पोरगंही नाठाळ नाही. शहरातल्या राहणीत मुलांच्या भुकेची वेळच हरवलीय. तू भाजीशी भांडतेयस आणि गोची भलतीकडेच आहे.

आपण कळवणला वाढलो तेव्हा आईने आपल्याला 'काय खाशील' असं कधी विचारल्याचं तुला आठवतं? मला नाही आठवत. जे रांधलं ते ताटात पडायचं आणि आपण ते खायचो. ते काही आपण गुणी होतो म्हणून नाही! शाळेत पायी जायचं, आल्यावर मळ्यात पळायचं, आणि मधल्या वेळेला मिळालंच तर मूठभर शेंगदाणे नि गुळाचा खडा. संध्याकाळी भाकरीचा वास आला की जीव नुसता कासावीस व्हायचा. पण ते दिवस फार गोडही करून सांगायचे नाहीत मला. आई सगळ्यांच्या मागून उरलंसुरलं खायची, हेही त्याच स्वयंपाकघरातलं आहे. ते काही मला परत नको.

शहरात तीन गोष्टी एकदम झाल्या. मुलांचे पाय थांबले: लिफ्ट, व्हॅन, क्लास, आणि पार्किंगमध्ये खेळलं तर वॉचमनची ओरड. खाणं जवळ आलं, इतकं जवळ की आता दहा मिनिटांत माणूस दारात पिशवी धरून उभा राहतो. आणि घरातल्यांच्या जेवणाच्या वेळा फुटल्या. तुझ्या नवऱ्याची अंबडला कधी फर्स्ट शिफ्ट, कधी सेकंड. तू साडेआठशिवाय घरी नाहीस. सासूबाईंचं सात वाजता हलकं जेवण. सगळ्यांचं ताट एका वेळी पडत नाही, तर पोरगं जेवायला शिकणार कुणाकडे बघून? मुलं ऐकून खायला शिकत नाहीत, बघून शिकतात. तू कारल्याचे गुण सांगत बसतेस आणि स्वतः ओट्याशी उभी राहून गार पोळी चहात बुडवून खातेस. त्याने त्यातून काय उचलायचं?

आता काय करायचं ते सांगते. सगळं एकदम करायला जाऊ नकोस, दमशील.

सुरुवात भुकेपासून कर. दोन खाण्यांच्या मधे अडीच-तीन तास फक्त पाणी. ज्यूस नाही, बिस्किट नाही, 'एवढुसं काय होतंय' तर नाहीच नाही. एवढुशानेच तर सगळा घोळ होतो. पाच-सहा वर्षांच्या मुलाचं पोट ते केवढं? दोन क्रीमची बिस्किटं आणि ज्यूसचा एक खोका त्यात गेला की वरणभाताला जागा कुठली! पहिले काही दिवस तो धिंगाणा घालेल. सासूबाई तुझ्याकडे अशा बघतील की जणू तू लेकराला उपाशी मारतेयस. तेवढे दिवस काढ.

आणि पळू दे गं त्याला. पाच वर्षांवरच्या मुलांनी दिवसाला सरासरी तासभर तरी दम लागेल असं हुंदडावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्याला क्लब नको नि फी नको. गोल्फ क्लबच्या मैदानावर सोड, इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर ने. अबॅकस एक वर्ष उशिरा शिकला तरी पाढे काही पळून जात नाहीत.

दुधाबद्दल तुला राग येईल, तरी बोलते. 'निदान दूध तरी पितो' म्हणून तू दिवसातून तीन पेले पाजतेस. त्या दुधानेच त्याची जेवणाची भूक मरते. दुधात लोह जवळजवळ नसतं, आणि नुसत्या दुधावर राहणारी मुलं गुटगुटीत दिसली तरी रक्ताने कमी निघतात. 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली पाच वर्षांखालची 67 टक्के मुलं रक्तक्षयी निघाली. हे सगळं गरिबाघरचंच दुखणं असतं असं समजू नकोस. एक-दीड पेला पुरे, तोही जेवणाला खेटून नको. आणि ती पावडर! डब्याची मागची बाजू वाच जरा. काही पावडरींत वजनाचा तिसरा हिस्सा नुसती साखर असते. अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक' म्हणून विकायला ठेवू नका, असं केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्रेत्यांना एप्रिल 2024 मध्ये बजावलं होतं. डबा फेकून दे असं मी म्हणत नाही, पैसे पडलेत त्याचे. पण संपला की दुसरा आणू नकोस. दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करत गेलीस तर त्याला कळणारही नाही.

वाचायचं कसं तेही सांगते, कारण पुढच्या बाजूला सगळे पुडे साधुसंतच असतात. जो घटक वजनाने सगळ्यात जास्त, तो यादीत पहिला लिहायचा, असा नियम आहे. म्हणजे समोर 'नागली कुकीज' असं मोठ्या अक्षरात असेल आणि मागे यादीत पहिला मैदा, दुसरी साखर, तिसरं पाम तेल आणि पाचव्या-सहाव्या जागी नागली असेल, तर तू मैद्याचं बिस्किट नागलीच्या भावाने घेतलंस.

नागलीची तर मला गंमतच वाटते. आपल्या जिल्ह्यात पेठ, सुरगाणा, त्र्यंबककडे नागलीची भाकरी हे पिढ्यान् पिढ्यांचं रोजचं जेवण. तीच नागली नाशिकच्या मॉलमध्ये चकचकीत पाकिटात आली, 2023 हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं, आणि आपण ती औषधासारखी विकत घ्यायला लागलो. शंभर ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तेवढ्याच दुधाच्या जवळजवळ तिप्पट. त्यातलं सगळंच अंगी लागतं असं नाही, पण दूध सुटलं तर हाडांचं काय होईल ही तुझी भीती थोडी कमी व्हावी. एकदम भाकरी वाढलीस तर तो काळा रंग बघूनच 'यक्' म्हणेल. डोशाच्या पिठात चार चमचे घाल, घावन कर, गुळाची गरम आंबील दे. नागलीचा पापड भाजून दिलास तर बोलायलाच नको, चिप्स विसरेल तो. भगरही नुसती उपासालाच का शिजते आपल्याकडे? शेंगदाण्याच्या आमटीबरोबर भगर न खाणारं पोर मी अजून बघितलेलं नाही.

'पण तो नवीन काही तोंडातच घेत नाही' हे तुझं पुढचं वाक्य मला पाठ आहे. दोन ते सहा वर्षांच्या वयात नवीन चवीची धास्ती असतेच. बहुतेक मुलं त्यातून जातात. एखादी भाजी आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळा पुढे आल्याशिवाय मूल ती आपली मानत नाही. आपण तिसऱ्या खेपेला 'याला दुधी आवडत नाही' असं जाहीर करून मोकळ्या होतो, आणि तेही त्याच्याच देखत. मग तो बिचारा आपल्या नावाला जागतो. त्याच्यासमोर असली प्रमाणपत्रं वाटू नकोस. ताटात दुधीच्या दोन फोडी पडू देत. खाल्ल्या तर खाल्ल्या, नाही तर नाही.

एलिन सॅटर म्हणून अमेरिकेतल्या एक आहारतज्ज्ञ आहेत. त्यांनी आई आणि मूल यांच्यात कामाची वाटणी करून दिलीय ती मला फार पटते. काय वाढायचं, कधी वाढायचं आणि कुठे बसायचं, हे आईबापांनी ठरवायचं. त्यातलं खायचं की नाही आणि किती, हे मुलाने. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं. काय करू ते त्याला विचारतो आणि किती खायचं ते आपण ठरवतो. 'काय खाशील रे?' या प्रश्नाला सहा वर्षांचं पोर मॅगीशिवाय दुसरं काय सांगणार? आणि 'हा शेवटचा घास, हा काऊचा, हा चिऊचा' करत पोट भरल्यावरही कोंबत राहिलं की पोट भरल्याची खूण त्याला स्वतःला कळेनाशी होते. मोबाइलने तेच होतं. कार्टून बघत तो निमूट जेवतो हे खरं, पण तो जेवत नसतो गं, त्याला भरलं जात असतं. काय खाल्लं, गोड होतं का तिखट, विचार त्याला. सांगता येणार नाही.

मोबाइल एका दिवसात बंद होत नाही. रात्रीच्या जेवणापासून सुरू कर, कारण तेव्हा तू घरात असतेस. आणि तुझाही मोबाइल दुसऱ्या खोलीत. ही अट नवऱ्यालाही लागू आहे, माझं नाव सांग.

डब्याचं फार मनावर घेऊ नकोस. इंटरनेटवर सजवलेले डबे बघून कातरून फुलं करायला जाऊ नकोस. शाळेत सुट्टी लहान असते, हात धुवायला रांग असते आणि गप्पा मारायच्या असतात. चटकन उचलून खाता येईल असं दे: थालीपिठाचे तुकडे, मुगाचं घावन, मटकीची सुकी उसळ भरून पोळी, धपाटे. परत आला तर ओरडण्याआधी उघडून बघ. पोळी वातड झाली होती का? रस्सा गळला होता का? पुष्कळदा तेवढंच कारण असतं.

शाळेकडेही एकदा बघ. राज्य सरकारने मे 2017 मध्येच शाळांच्या उपाहारगृहांतून जादा साखर, मीठ नि चरबीचे पदार्थ काढायला सांगितलेत. नंतर 2020 मध्ये केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने नियम केला की असले पदार्थ शाळेच्या आवारात नकोत, आणि फाटकापासून 50 मीटरच्या आतही विकले जाऊ नयेत. सीबीएसईने 2025 मध्ये आपल्या शाळांना पेयांत साखर किती असते हे दाखवणारे फलक लावायला सांगितलं. आता बहुतेक शाळांच्या फाटकाबाहेर उभं राहून ते 50 मीटर तूच मोजून बघ. पालकसभेत तीन-चार आयांनी मिळून विचारलंत तर फरक पडेल. एकटीने विचारलंस तर 'त्या कटकट्या मॅडम' होशील. वाढदिवसाला वर्गभर चॉकलेटं वाटायचं बंद करून पेन्सिल द्यायचं ठरलं तर तेवढंही खूप झालं.

त्या पाच रुपयांच्या पुड्याबद्दल मात्र मी जरा हळवी आहे. तुझ्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशी आहेत ना, त्या स्वतःच्या मुलीच्या हातात रोज दहाची नोट ठेवून निघतात. पाच घरच्या पोळ्या लाटणाऱ्या बाईला स्वतःच्या पोरीसाठी सकाळी लाटायला वेळ उरत नाही. दहा रुपयांत केळी दोन येतात आणि पुडेही दोनच. पण पुडा टिकतो, सांडत नाही, कोपऱ्यावर मिळतो आणि त्यावर हिरोचं चित्र असतं. त्यांना उपदेश करायला जाऊ नकोस. जमलं तर चार पोळ्या जास्तीच्या लाटून घे आणि भाजीसकट बांधून दे. असल्या पुड्यांनी येणाऱ्या लठ्ठपणाचा प्रश्न आता नुसता श्रीमंतांचा राहिलेला नाही. 2025 मध्ये युनिसेफने सांगितलं की जगातल्या 5 ते 19 वर्षांच्या मुलांत स्थूल मुलं आता कमी वजनाच्या मुलांहून जास्त झालीत, 9.4 टक्के विरुद्ध 9.2. आपल्याकडे तर दोन्ही एकाच रस्त्यावर दिसतात. 2016 ते 2018 च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात शाळकरी नि किशोरवयीन मुलांपैकी साधारण दहातलं एक मूल मधुमेहाच्या उंबरठ्यावर निघालं होतं. वरून बारीक दिसणारीही होती त्यात.

घाबरवत नाही तुला. उलट, नाशकात राहून घाबरायचं म्हणजे करंटेपणाच. मुंबईच्या मुलाला शेत दाखवायला सहल काढावी लागते. तुला गिरणारे अर्ध्या तासावर आहे. बुधवारी रजा असली की त्याला गंगाघाटावरच्या बाजारात ने. त्याच्या हातात एक पिशवी दे आणि वीस रुपये, आणि सांग की यातून तुला हवी ती एक भाजी घे, भाव तूच विचार. स्वतः निवडून, स्वतः पैसे देऊन आणलेली भेंडी पोर निदान चाखून तरी बघतं. पावसाळ्यात त्र्यंबक-हरसूलकडच्या बायका करटुली, कुरडू नि टाकळा घेऊन बसतात, मे महिन्यात करवंदं. त्यांच्याशी बोलू दे त्याला. भाजी प्लास्टिकच्या तबकात उगवत नाही, हे त्याला पुस्तकातून नको कळायला.

द्राक्षांच्या दिवसांत आपल्याकडे घरोघर पेट्या येतात, तेव्हा एक ध्यानात ठेव. धाकटी अजून तीनचीच आहे ना, तिला अख्खं द्राक्ष द्यायचं नाही. गोल, गुळगुळीत, नेमकं घशात अडकायच्या मापाचं असतं ते. पाच वर्षांची होईपर्यंत उभं चिरूनच. आणि रस काढून देऊ नकोस कुणालाच. रसात साखर तेवढी राहते, चोथा जातो आणि चावायचे कष्टही वाचतात, जे वाचायला नको असतात.

आणि हो, मिसळ! तू विचारलं होतंस की रविवारची मिसळ बंद करू का. मुळीच करू नकोस. अख्ख्या आठवड्यात तुम्ही सगळे एका टेबलाशी एका वेळी बसता ते तेवढंच. मखमलाबाद किंवा गंगापूर रोडला त्या झाडांखाली, मुलं झोक्यावरून पळत येतात, दोन घास खातात, परत पळतात. तो तिथे कुरकुर न करता खातो हे तूच मला सांगितलंस. का खातो? सकाळी दूध-बिस्किट न देता नेलेलं असतं, झोके खेळून पोटात कावळे ओरडत असतात, आणि समोर आजी, बाबा, तू, सगळे तेच खात असता. बघ, सगळं उत्तर तिथेच आहे. मिसळीचा पाया म्हणजे मोड आलेली मटकी, त्यात वाईट काय? त्याला उसळ जास्त, दही भरपूर, शेव-फरसाण चिमूटभर, नि काळ्या मसाल्याची तर्री त्याच्या वाटीत नको. पाव एक. पापड भाजलेला मिळाला तर भाजलेला. वर कोल्ड्रिंकची बाटली मात्र नको, ताक मागव.

तीच मटकी एखाद्या मंगळवारी घरीही कर, आणि जेवायच्या आधी त्याला अर्धा तास खाली पिटाळ.

राहिल्या सासूबाई. त्यांच्याशी भांडून यातलं काही होणार नाही. दुपारचं जेवण त्यांच्या हातात आहे आणि त्यांचा जीव आहे त्याच्यावर. 'तुम्ही त्याला पुडे देऊ नका' असं म्हणालीस की त्या लपवून देतील. त्याऐवजी त्यांना विचार, तुमच्या लहानपणी चारच्या वेळेला काय असायचं? मग त्यांना शेंगदाण्याचे लाडू, कण्या, गूळ-पोळीचा मलिदा, असलं काय काय आठवेल, आणि त्या स्वतःच करायला घेतील. चारच्या खाण्याचं खातं त्यांच्याकडे सोपवून टाक. मलिद्यात तूप जरा जास्त पडेल. पडू दे, तो नंतर खाली पळणार आहे.

येत्या सोमवारपासून दुपारी व्हॅनमधून उतरला की गेटजवळच्या दुकानात थांबायचं नाही, एवढं व्हॅनवाल्या काकांना आणि दुकानदाराला सांगून ठेव. दुकानदार हसेल, पण ऐकेल. तुमच्या बिल्डिंगचं किराण्याचं खातं आहे त्याच्याकडे. आणि मला रात्री साडेआठला फोन करू नकोस, ती तुमची जेवायची वेळ आहे. साडेनऊला कर.